रुख्माबाईंची कवळी

८ जानेवारी, बुधवार

इंटर्नशिपच्या वर्षात रोज नाही, पण काही घडलं की लिहायचं, असं ठरवलंय. दानिश म्हणतो, इंटर्नशिप म्हणजे हजेरीवर सही करायची आणि लायब्ररीत बसून एमडीएसच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. दात पुढे आयुष्यभर उपटायचेच आहेत. बॅचमधले निम्मे तेच करणार. मला नाही जमणार ते. चार वर्षं मी पुतळ्यांच्या तोंडात काम केलं आणि सीनियरच्या खांद्यावरून डोकावत शिकले. या वर्षात दहा कवळ्या पहिल्या मापापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातांनी करायच्या. अब्बांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "सबा, आधी एक नीट कर." जळगावात अब्बांचं सुतारकाम आहे. त्यांना सगळ्या गोष्टी लाकडातच समजतात.

आज धुळ्याहून कॉलेजच्या गाडीने शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला चोंडीपाड्याला गेलो. दर बुधवारी तिथे कॉलेजचं केंद्र चालतं. आश्रमशाळेची जुनी खोली, एक खुर्ची, बाहेर पाण्याची टाकी. आमच्यावर देखरेखीला ललित सर. गावच्या आशा कार्यकर्त्या रत्नाताई रांग लावतात आणि आम्हाला न कळलेलं बोलणं समजावून सांगतात.

खिडकीच्या कट्ट्यावर आधीच्या इंटर्न्सनी सोडून दिलेले प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेत. पंधरा-वीस तरी असतील. नावं नाहीत. तोंड उघडून बसलेल्या माणसाची नजर नेमकी तिकडेच जाते. रत्नाताईंना म्हटलं, उचलून ठेवू का? त्या म्हणाल्या, "राहू द्या. उचलले तर लोक विचारतील, कुठे गेले म्हणून."

पहिलीच कवळीची रुग्ण मिळाली. रुख्माबाई, सत्तरीच्या आसपास. तोंडात एकही दात नाही.

"कोन गावनी शेस व पोर?"

"जळगावची, आजी."

"जयगावनी! आनि आठे मन्हा तोंडमा हात घालाले उनी!" म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की खुर्ची हलली. त्यांना फुटाणे खायचेत. तीस वर्षं खाल्ले नाहीत म्हणे.

१५ जानेवारी

पहिलं माप घेतलं. आजींनीच मला धीर दिला, तोंडात मापाचा मसाला भरलेला असताना, नुसता गुडघा थोपटून.

टाळूवरून बोट फिरवताना मधोमध चिंचोक्याएवढा टणक उंचवटा लागला. दचकले. सर म्हणाले, "हाड आहे. काही लोकांना असतं, त्रास देत नाही. कवळीत तेवढी जागा आतून पोकळ सोड, नाहीतर घासेल." मी केस पेपरवर चित्र काढून ठेवलं, लांबी-रुंदी मोजून. आजी म्हणाल्या, "न्हानपने चिचोका गियेल व्हता मी. तोच आठे अडकना, आसं माय सांगे."

त्यांचे यजमान रूपसिंग बाबा बाहेर बाकावर बसून असतात. आत येत नाहीत. दर पाच मिनिटांनी बाहेरून हाक येते, "रुख्मा!" आणि तोंडात काहीही असलं तरी आजी हुंकार देतात.

५ फेब्रुवारी

जबड्याची नोंद घेतली, मेणावर. मेण मऊ होईपर्यंत आजींनी लग्नाची गोष्ट सांगितली. वरात नदी ओलांडत होती आणि नवरदेवच पाण्यात पडला. मग ओल्या कपड्यांनीच उभा राहिला. "आनि थंडीघाई त्याना दात वाजेत, कटकटकट," म्हणाल्या, आणि इथे थांबून खूप हसल्या. बाहेरून हाक आली. "रुख्मा!"

असा रुग्ण पहिला मिळाला, हे माझं नशीब.

२६ फेब्रुवारी

बसली! वरची एकदा दाबली आणि टाळूला अशी धरली की ओढून निघेना. आजींनी आरसा घेतला, ओठ वर करून एकेक दात पाहिला. मग कनवटीचे फुटाणे काढले. मी म्हटलं, पहिले पंधरा दिवस मऊच खा. त्यांनी माझ्याकडे बघत एक फोडला.

ललित सर खूश आहेत. ऑक्टोबरात विद्यार्थ्यांची राज्य परिषद आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासून, फोटो काढून हीच केस मांडायची, असं ठरलं. दानिशने ऐकलं आणि पहिल्यांदाच माझा केस पेपर मागून घेऊन वाचला.

३१ मार्च

ईद. जळगावला घरी. अम्मीने सगळ्या बिरादरीला सांगून टाकलंय की मी दात बनवते. तीन बायकांनी तोंड उघडून दाखवलं. एकीने शीरखुर्म्याची वाटी हातात असताना.

११ एप्रिल

शस्त्रक्रिया विभागात पोस्टिंग. आज दोन अक्कलदाढा स्वतः काढल्या. रत्नाताईंचे दोन मिस्ड कॉल दिसतात. नंतर करते.

२ जुलै, बुधवार

मुद्दाम अर्ज करून पुन्हा चोंडीपाडा मागून घेतलं. लोक हे पोस्टिंग टाळतात, मी मागते म्हणून दानिशला हसू येतं. मला माझी केस पूर्ण करायची आहे.

रुख्माबाई आल्या. सून ममता हाताला धरून घेऊन आली. मी धावतच पुढे गेले, "आजी, फुटाणे खाता की नाही?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ममताच बोलली, "उन्हाळ्यात आजारी पडल्या होत्या. बोलणं कमी झालंय आता."

खरंच उतरल्यात. चेहरा लांबट झालाय, गाल बसलेत. म्हाताऱ्या माणसाचं आजारपण असंच असतं. माझ्या नानीचंही असंच झालं होतं, महिन्याभरात ओळखू येईना.

ममताने रुमालातून कवळी काढली. "बसत नाही. टोचते. पण त्या घालतात." तोंड उघडलं तर हिरड्यांवर पांढरे चट्टे, दोन ठिकाणी रक्त. इतक्या जखमा घेऊन कोणी कवळी घालत नाही, काढून फेकून देतं. विचारलं, "आजी, दुखत असताना का घालता?" त्यांनी तोंड अजून मोठं उघडलं.

टाळूवर एक लालसर गोल उठलाय, कवळीतल्या पोकळीच्या कडेचा. त्या गोलाच्या आत मी बोट फिरवलं.

सपाट.

पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा. टाळू सरळ आहे, उंचवटा नाही. त्या सगळा वेळ वर छताकडे बघत होत्या, डोळे न मिटता.

सर म्हणाले, "तेव्हा सूज असेल, तुला हाड वाटलं."

"तुम्हीही बोट लावून पाहिलं होतं सर."

"रोज चाळीस तोंडं बघतो मी, सबा." मग म्हणाले, "हाड होतं तर आता कुठे गेलं?"

नव्याने माप घेतलं. कवळी पंधरा दिवस अजिबात घालायची नाही, असं ममताला बजावलं. ती नुसती मान हलवत होती. बाहेरून हाक आली, "रुख्मा!" आणि खुर्चीतली बाई एकदम उठून उभी राहिली. माझा हात अजून तिच्या हनुवटीवर होता.

आत्ता वाचताना दिसतंय, मी वर 'बाई' लिहिलंय. खोडत नाही.

३ जुलै

कॉलेजच्या प्रयोगशाळेत जानेवारीचा साचा सापडला. मागे माझ्याच अक्षरात रुख्माबाई, चोंडीपाडा, तारीख. टाळूवर उंचवटा, स्पष्ट. बोटाला लागतो.

कालच्या मापात प्लास्टर भरलं, सुकल्यावर दोन्ही शेजारी ठेवले. पहिला जबडा रुंद, पुढून गोल. दुसरा अरुंद, निमुळता. हिरडीचं हाड झिजतं, जबडा बारीक होतो, पण साडेपाच महिन्यांत आकारच बदलत नाही. टाळूवरच्या वळ्या तर कधीच बदलत नाहीत, दुसऱ्या वर्षीच शिकवलंय. पहिल्या साच्यात त्या तिरप्या फुटल्यात, दुसऱ्यात जवळजवळ आडव्या.

म्हणजे माझाच घोटाळा. जानेवारीत दुसऱ्या कोणाच्या साच्यावर नाव घातलं असणार. पण मग कवळी बसली कशी? तेव्हा तर घट्ट बसली होती.

असे घोटाळे होत असतील तर दहा कवळ्यांच्या गप्पा बंद कराव्यात.

९ जुलै, बुधवार

आज शहाणपणा केला आणि तोंडघशी पडले. रांगेतल्या एका बाईला सहज विचारलं, "त्या बाकावर बसल्यात त्या रुख्माबाईच ना?"

"हां. रुख्माबाई शे."

तिच्या मागचीला विचारलं. "रुख्माबाई शे." तिच्या मागचीने तर मी विचारण्याआधीच सांगितलं. नंतर सगळी रांग गप्प झाली. एरवी इतका कलकलाट असतो की रुग्णाचं नाव ओरडून सांगावं लागतं. आज टाकीच्या नळाचं टपटप ऐकू येत होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. आपण काहीतरी सांडू अशी भीती असलेल्या लहान मुलाकडे बघतात, तसं.

आत आल्यावर जखमांना औषध लावलं. चट्टे तसेच आहेत, म्हणजे कवळी घालणं सुरूच आहे. मी रागावले. तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या, स्वतःहून. लग्नाची गोष्ट. वरात, नदी, ओले कपडे. शब्दही तेच. "आनि थंडीघाई त्याना दात वाजेत, कटकटकट." इथे थांबल्या, अगदी तेवढाच वेळ. हसल्या मात्र नाहीत.

मला हायसं वाटायला हवं होतं. ही गोष्ट आजींशिवाय कोणाला माहीत असणार? पण हातमोजे काढताना पाहिलं, हातावर काटा आला होता.

१३ जुलै, रविवार

घरी. पारोळ्यापर्यंत बसमध्ये उभी होते, मग जागा मिळाली. अम्मीला सगळं सांगितलं. तिला जबड्याचं, वळ्यांचं काही कळलं नाही. कणीक मळत ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "उसने तुझे पहचाना क्या?"

नाही ओळखलं. दोन बुधवार झाले. एकदाही 'पोर' म्हणाल्या नाहीत.

अब्बा म्हणाले, "दुसऱ्या चौकटीचं दार आहे ते. रंधा मारून बसेल, पण ते दार त्या चौकटीचं होणार नाही." मग अम्मीने त्यांना गप्प केलं.

६ ऑगस्ट, बुधवार

सगळं नीट लिहायला हवं, म्हणून वसतिगृहात पोचल्या पोचल्या बसले आहे.

मधले तीन बुधवार पावसाने रस्ता बंद होता. आज गेलो. त्या आल्या. तोंड उघडलं आणि मी मागे सरकले. टाळूवर, बरोबर मधोमध, उंचवटा आला होता. चिंचोक्याएवढा, त्याच आकाराचा, तसाच थोडा डावीकडे झुकलेला. मी जानेवारीत चित्र काढलं होतं, अगदी तसा.

क्षणभर मला वाटलं, चूक माझीच होती, त्या रुख्माबाईच आहेत. वाईट वाटण्याऐवजी इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग बोट लावलं.

मऊ होता. लालभडक, ओलसर, नुसतं मांस. दाबला की दबत होता.

ललित सरांनी पाहिलं. त्यांनी शांतपणे समजावलं, जणू वर्गात शिकवतात. कवळीच्या आत पोकळी असली आणि ती दिवसरात्र घातली, की टाळूचं मांस त्या पोकळीत वाढत जातं. पोकळी ज्या आकाराची, मांसही त्याच आकाराचं. मग आवाज खाली आला. "सबा, ही पोकळी आपण हिच्यासाठी सोडली नव्हती."

सर बाहेर गेले. ममताला मी औषधाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. दार लोटलं. खोलीत आम्ही दोघी आणि खिडकीतले जबडे.

"आजी, रुख्माबाई कुठे आहेत?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी शे."

"मी त्यांच्या तोंडात हात घातला होता. तुम्ही नाही त्या."

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दात काढू नको. दात नई दिखनात तर बाबा पुरा दिन नदीवर धुंडत फिरस."

मी रत्नाताईंना आत बोलावलं. त्यांना बघून या बाई रडायला लागल्या. आवाज नाही, फक्त तोंड उघडं.

रत्नाताईंनी सांगितलं ते असं. रुख्माबाई एप्रिलमध्ये गेल्या. दोन दिवसांचा ताप. मला फोन केला होता त्यांनी, त्याच दिवशी. "तुमचा जीव होता त्यांच्यावर, म्हणून." रूपसिंग बाबांचं डोकं आधीच थोडं फिरल्यासारखं होतं, ते पार गेलं. बायको नदीवर गेलीय म्हणून पहाटेपासून नदीच्या पात्रात हाका मारत फिरायचे. दोनदा उन्हात पडले. आणि या बाई? सेंधव्याकडून कापूस वेचायला आलेल्या टोळीबरोबर आल्या होत्या. आजारी पडल्या, टोळी निघून गेली, पुन्हा कोणी न्यायला आलं नाही. गावाबाहेर एका झोपडीत असायच्या. एक दिवस ममता त्यांना भाकर द्यायला म्हणून घरी घेऊन आली, अंगावर रुख्माबाईंचं लुगडं दिलं, कारण त्यांचं फाटलेलं होतं. बाबा नदीवरून आले, ओट्यावर बघितलं आणि म्हणाले, "उनी का रुख्मा?" आणि जेवायला बसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"मग कोणी काही बोललंच नाही," रत्नाताई म्हणाल्या. "कोणी ठरवलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तीही रुख्माबाई म्हणाली."

"पण मृत्यूची नोंद?"

"मीच केली. कागदावर रुख्माबाई नाहीत. गावात आहेत."

मी या बाईंना विचारलं, लग्नाची गोष्ट कोणी सांगितली?

"बाबाच सांगस. रोज सांगस. सकायमा उठना का नदीनी, मंग लगीननी, मंग पोऱ्या जन्मना त्या दिननी. मी आयकस. चुकनू का तो परत सांगस."

"तुम्हाला जायचंय का इथून? तुमच्या गावी? मी व्यवस्था करू शकते." करू शकते की नाही हे मला माहीत नव्हतं.

"कोठे जाऊ?" म्हणाल्या. नंतर, मी पुढचा प्रश्न विचारण्याआधी, "आठे माले कोनीतरी हाक मारस, माय."

पहिल्यांदाच मला त्यांनी काहीतरी म्हटलं. 'माय'.

जुनी कवळी मी ठेवून घ्यायला हवी होती. धाडस झालं नाही. आतल्या पोकळीत मऊ मसाला भरून दिला, म्हणजे निदान मांस वाढणार नाही, आणि फक्त दोन तास घाला म्हणाले.

७ ऑगस्ट

दानिशशी बोलले. त्याला मी मूर्ख वाटते. "फोटोत डोळ्यांवर पट्टी असतेच. तोंडाचा फोटो फेब्रुवारीचा वापर. सहा महिन्यांनी रुग्ण समाधानी, एवढं एक वाक्य. राज्यात नंबर येईल तुझा." तो मनापासून माझ्या भल्याचं सांगत होता. आणि अर्धा तास मी खरंच विचार केला. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिणार नाही. आजी गेल्या, त्यांना काय फरक पडतो, हा विचारही आला.

मग सरांकडे गेले आणि केस मागे घेते म्हणाले. सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनाही ही केस हवी होती. म्हणाले, "लिहून दे. रुग्ण मृत." मी लिहिलं. आत्तापर्यंत मी आजींना मृत म्हटलंच नव्हतं.

"आणि दुसरी?" सर म्हणाले. "तिच्या तोंडाचं काय?"

"नवीन कवळी करते. तिच्या मापाची."

"कोणत्या नावावर?"

१३ ऑगस्ट, बुधवार

नवीन केस पेपर. नाव या रकान्यावर पेन ठेवून बसले.

"इथे खरं नाव लागतं. मी बाहेर कोणाला सांगणार नाही. रूपसिंग बाबांना तर नाहीच."

त्या आठवत होत्या. खरंच आठवत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. चार महिने. सत्तर वर्षांचं नाव चार महिन्यांत इतकं खोल जातं? मला एकदम भीती वाटली की सापडणारच नाही.

"भुरली," म्हणाल्या शेवटी. मग पुन्हा, चव घेतल्यासारखं, "भुरलीबाई."

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "रुख्मा!" आणि त्यांनी हुंकार दिला. मी नाव लिहीत होते. माझं अक्षर वाकडं गेलं.

माप घेतलं. साच्याच्या मागे नाव कोरलं. गावात परत जाताना त्या दारात थांबल्या आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते आठेच ठेवजो."

१० सप्टेंबर

मेणातले दात बसवून पाहिले. मी मुद्दाम वेगळे दात निवडले होते, त्यांच्या चेहऱ्याला शोभतील असे, जरा लहान. त्या आरशात बघून म्हणाल्या, मोठे लाव. पहिल्यांसारखे.

मी वाद घातला. हे तुमचं तोंड आहे, म्हणाले.

त्यांनी आरसा खाली ठेवला. "तोंड मन्हं शे," म्हणाल्या. "दखाले तो बसस." आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाबांकडे बोट केलं.

शेवटी मोठे लावले. हे योग्य केलं की नाही, ठाऊक नाही. आत मापं भुरलीबाईंची आहेत आणि बाहेरून रुख्माबाई. हे जुळवताना माझी आजवरची सगळ्यात चांगली कवळी झालीय, असं सर म्हणाले. टाळूवरची सूज जवळजवळ उतरली.

१७ सप्टेंबर, बुधवार

बसली. कुठे टोचत नाही, ओढली तर निघत नाही. भुरलीबाई बोटाने चाचपत होत्या, दुखण्याची वाट बघितल्यासारख्या. दुखेना, तेव्हा त्यांना काय करावं कळेना.

सगळं उरकल्यावर ममता म्हणाली, आबांना, म्हणजे रूपसिंग बाबांना, आत बोलावू का? इतक्या महिन्यांत ते एकदाही या खोलीत आले नव्हते. मला नको होतं. पण ते दारात येऊन उभेच होते.

उंच माणूस आहे. वाकून आत आले. खिडकीतल्या जबड्यांवरून नजर फिरवली, एकेकावर थांबत, जणू कोणी ओळखीचं दिसतंय का. मग खुर्चीपाशी आले. त्यांनी भुरलीबाईंची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि दात पाहिले. ममता भिंतीला टेकली होती.

"बरा बसनात," म्हणाले. स्वच्छ आवाज. फिरलेल्या डोक्याच्या माणसाचा नाही.

मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "जुन्ना दात माले दी टाका, डॉक्टरबाई. त्या रुख्माना शेतस."

मी ट्रेमधली जुनी कवळी उचलली, पुसली, कागदात गुंडाळली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून गुंडी लावली. ममता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबाले माहीत व्हतं?" कधीपासून, हे मीही विचारू शकले नाही. भुरलीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं, असं मला वाटलं.

बाबा दारापर्यंत गेले, वळले.

"चाल, रुख्मा."

त्या उठल्या आणि गेल्या.

रत्नाताईंनी पुढचं नाव पुकारलं. मी हात धुवायला बाहेर टाकीपाशी आले. पावसाने रस्ता धुऊन निघाला होता, दूरपर्यंत दिसत होतं. ममता पुढे निघून गेली होती. हे दोघं मागून सावकाश चालले होते. बाबा हातवारे करत तिला काहीतरी सांगत होते. मध्येच थांबले, बोटाने मोजून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या ऐकत होत्या, मान हलवत, ओठ हलवत, शब्द मुखोद्गत करत.